या खेळात भोंगा नाही

मुलांसाठी पिक्चर निवडावा तर तो मीच! असं मला पंच्याऐंशी सालच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी, दुपारी साडेतीन वाजेपर्यंत वाटत होतं. साडेतीन वाजून एक मिनिटानं ते वाटणं कायमचं बंद झालं. त्या एका मिनिटात काय घडलं ते सांगतो. सावकाश सांगतो. छत्तीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवलं आहे. घाईनं सांगितलेलं कोणाच्याही डोक्यात राहत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी रामचंद्र धुरी. पण डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत मला नावानं कोणी हाक मारत नाही. बापांचाही मी मास्तर आणि त्यांच्या पोरांचाही मास्तर. आमच्या गल्लीच्या एका बाजूला गिरणीचं गेट, बरोबर त्याच्यासमोर दुसऱ्या बाजूला चंद्रिका टॉकीज, आणि टॉकीजला चिकटून आमची चाळ. संपाला तेव्हा तीन वर्षं उलटली होती. संप संपला असं कोणी सांगितलं नव्हतं आणि आमची गिरणी सुरू होणार असंही कोणी सांगितलं नव्हतं. धुराडं गार पडलं होतं, भोंगा मुका झाला होता. पूर्वी अख्खी चाळ भोंग्यावर घड्याळं लावायची. आता प्रत्येक खोलीत वेगळी वेळ होती.

अशा दिवसांत चंद्रिकावर भलामोठा बोर्ड लागला. ‘भयपट महोत्सव! सात दिवस! सात चित्रपट! कमजोर काळजाच्या प्रेक्षकांनी येऊ नये!’ आता गिरणगावात त्या साली कमजोर काळजाचा माणूस उरलाच कुठे होता? सगळ्यांची काळजं तीन वर्षांत पार लोखंडी झाली होती. पण खिसे तितके मजबूत नव्हते. त्यामुळे पहिल्या दिवशी पिक्चरमधल्या भुतांनी रिकाम्या खुर्च्यांना घाबरवलं.

चंद्रिकाचा ऑपरेटर, म्हणजे वरच्या खोलीत बसून मशीनवर पिक्चर चालवणारा, हेन्री माझगावचा. त्याच्या दोन मुलींना शाळेत मराठी जड जायचं, ते मी शिकवलं होतं. त्या उपकाराला जागून तो चाळीत आला.

“मास्तर, मॅनेजरशी बोललो मी. तुमच्या चाळीतल्या पोरांना एक पिक्चर फुकट. खुर्च्या काय, रिकाम्याच हायत. पन एकच हां! कुठला तो तुमी ठरवा.”

बातमी फुटली. दरवर्षी मे महिन्यात गावी जाणारी पोरं त्या वर्षी चाळीतच होती. चाळीस पोरं माझ्या दारात जमली आणि एका सुरात ओरडली, “कुएँ की दुल्हन!”

“त्यात काय आहे?”

“दुल्हन विहिरीतनं वर येते आणि नवऱ्याचं मुंडकं मागते!”

“कशाला?”

“लग्नात द्यायचं राहिलं म्हणून!”

मी खडू उचलला. मुलांना ‘नको’ म्हणू नये, मुलांना पद्धत शिकवावी, हा माझा छत्तीस वर्षांचा बाणा. “बाळांनो,” मी म्हटलं, “निवड आरडाओरडा करून होत नाही. निवड पद्धतीनं होते.” आणि गॅलरीतल्या फळ्यावर तक्ता आखला. आडवे सात पिक्चर. उभे पाच विषय: भूत, रक्त, किंकाळी, स्मशान, अंधार. प्रत्येक विषयाला दहा मार्क. ज्या पिक्चरला सगळ्यात कमी मार्क, तो आपण बघायचा.

“म्हणजे ज्याला कमी मार्क तो पहिला?” कोंडीरामच्या शेवंतानं विचारलं. दहा वर्षांची, पण वकिलाच्या पोटी जन्मायची ती चुकून गिरणीतल्या सांचेवाल्याच्या पोटी आली होती.

“हो.”

“मास्तर, शाळेत पण असंच करा ना!”

दुसऱ्या दिवशी मी, शेवंता आणि फळा असे तिघं हेन्रीच्या मशीनच्या खोलीत चढलो. हेन्रीनं सातही पिक्चर आधी चालवून बघितले होते. मी परीक्षकासारखा स्टुलावर बसलो.

“एक नंबर. पत्थर का पंजा. भूत?”

“दोन.”

“रक्त?”

“बादलीभर.”

“किंकाळ्या किती?”

“मोजल्या नाय. मी कानात कापूस घालतो.”

पन्नासपैकी सत्तेचाळीस! नापास, म्हणजे आमच्या हिशेबानं. ‘कुएँ की दुल्हन’ला एकोणपन्नास. एक मार्क मी कापला, कारण विहीर स्वच्छ होती. असं करत करत सहा नंबरवर आलो. तो परदेशी पिक्चर होता आणि त्याचं नाव इतकं लांब होतं की पोस्टरवर दुसरं काही मावलंच नव्हतं. म्हणून आम्ही त्याला नुसतं ‘सहा नंबर’ म्हणायचो.

“भूत?”

“तसा भूत नाय. मानसंच हायत.”

“रक्त?”

“एक थेंब नाय.”

“किंकाळी?”

“छे! बोलतसुदा नाय कोन.”

“स्मशान?”

“थोडा कब्रस्तान हाय. पन एकदम साफसूफ. फुलंबिलं.”

“अंधार?”

“सगळा पिक्चर भर दुपारचा.”

मी खडू खाली ठेवला. “हेन्री, मग या पिक्चरमध्ये घाबरवतं कोण?”

हेन्रीनं डोकं खाजवलं. “एक बंद कारखाना हाय. त्याचा भोंगा वाजतो. मग मानसं उठून कामावर जातात. बस.”

मला हसू आवरेना! भोंगा वाजतो आणि माणसं कामावर जातात, हा भयपट? परदेशातली माणसं फार नाजूक असावीत, असं मी शेवंताला समजावून सांगितलं. आम्ही जन्मभर भोंग्यावर उठलो, भोंग्यावर जेवलो. माझी शाळासुद्धा भोंग्यावर सुटायची! भोंग्याला कोण भिणार?

पन्नासपैकी दोन मार्क. दोन्ही कब्रस्तानाला.

शिवाय परत येताना जिन्यात छोटा चंदू भेटला. चंदू पाच वर्षांचा. त्यानं विचारलं, “मास्तर, भोंगा म्हंजे काय?” मी जागच्या जागी थांबलो. गिरणीच्या गेटासमोर राहणारं पोर आणि त्याला भोंगा ठाऊक नाही! मला पिक्चर निवडल्याचा आणखीच अभिमान वाटला. करमणूक होणार, भीती नाही, आणि वर एक धडा! धडा म्हटलं की मला राहवत नाही. हा माझा दोष आता चाळीत सगळ्यांना माहीत आहे.

इथं कोंडीरामची गोष्ट सांगायला हवी, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

कोंडीराम म्हणजे शेवंताचा बाप. लूमखात्यात चार सांचे, म्हणजे चार माग, एकटा चालवणारा माणूस. संपानंतर तो रोज सकाळी आंघोळ करून, डोक्याला तेल लावून गेटासमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसायचा. तीन वर्षं! त्याची बायको दमयंती दिवसभर लोकांचे पापड लाटायची. ती मला म्हणाली, “मास्तर, ह्यांका तुमीच काय तां समजावा. माझा ऐकनत नाय.” मी महिनाभर रोज संध्याकाळी कोंडीरामला समजावलं. वर्गातल्या सगळ्यात हट्टी पोराला समजावतात तसं, न चिडता, तेच तेच. शेवटी तो म्हणाला, “बरा. बघूया दुसरा काय तां.”

हेन्रीचा मेव्हणा रॉक माझगावला लाँच दुरुस्तीच्या शेडमध्ये फोरमन होता. त्याला एक माणूस हवा होता. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता यायचं, पाच म्हणजे पाच, नाही आला तर दुसरा. हेन्रीच्या वतीनं रॉकला चिठ्ठी मीच लिहिली. ‘ही चिठ्ठी घेऊन येणारा माणूस विश्वासाचा आणि कष्टाळू आहे. त्याला कामावर घ्यावे.’ दोन वाक्यं! हेन्री म्हणाला, “मास्तर, नाव नाय टाकलं?” मी म्हटलं, “नाव कशाला? चिठ्ठी हातात असली की झालं. अरे, पत्र कसं आटोपशीर असावं!” हा धडा मी हेन्रीला अगदी फुकट दिला.

तर तो शनिवार. सहा नंबरही शनिवारीच लागणार होता. दमयंतीनं मला जिन्यात गाठलं.

“मास्तर, आज तेंका गेटार बसाक देव नका हां! थंय बसले की मन फिरता.”

“अगं, काळजी कशाला करतेस? मी त्याला पिक्चरला घेऊन जातो. तीनचा खेळ. चार वाजता बाहेर काढतो आणि स्वतः माझगावच्या बसमध्ये बसवतो. गेटाची आठवणसुद्धा येणार नाही त्याला!”

हे मी म्हटलं. मीच म्हटलं.

एका पोरामागे एक मोठा माणूस असा माझा नियम होता. त्यामुळे तीन वाजता चाळीस पोरं आणि चाळीस गिरणी कामगार चंद्रिकात जाऊन बसले. लहान मुलं अंधाराला भितात, म्हणून मी गल्लीकडचे दोन्ही दरवाजे सताड उघडे ठेवायला लावले. आणि मागच्या रांगेतल्या पोरांना धडा नीट ऐकू यावा म्हणून वर हेन्रीला ओरडून सांगितलं, “आवाज मोठा ठेव रे! अगदी पूर्ण!”

हेन्रीनं वरून अंगठा उंचावला. आज्ञाधारक माणूस.

पहिला अर्धा तास पिक्चरमध्ये काहीच घडेना. परदेशातलं एक गाव. बंद कारखाना. एक म्हातारी खिडकीत बसून कारखान्याकडे बघते. एक कुत्रा रस्ता ओलांडतो. पुन्हा म्हातारी. चंदू म्हणाला, “मास्तर, दुल्हन कधी येणार?” शेवंतानं माझ्याकडे बघून असा सुस्कारा सोडला की जणू पेपर मी दिला होता आणि नापासही मीच झालो होतो. माझ्या पलीकडे कोंडीराम डोळे मिटून बसला होता. खिशातल्या चिठ्ठीवर हात ठेवून.

आणि भोंगा वाजला.

लिहून दाखवता येत नाही तो आवाज. आधी पोटातून घुमल्यासारखा, मग चढत चढत जाणारा, मग वर जाऊन तिथंच थांबलेला. चंद्रिकाच्या भिंती थरथरल्या. उघड्या दारांतून तो गल्लीत गेला, गिरणीच्या भिंतीवर आपटला आणि पुन्हा दारांतून आत आला. माझी नजर घड्याळाकडे गेली. साडेतीन! दुसऱ्या पाळीची वेळ.

पडद्यावर कब्रस्तानातली माती हलली. एकेक माणूस उठून उभा राहिला. कळकट कपडे, हातात डबा, डोळे समोर. कोणी बोलत नाही. सगळे कारखान्याच्या दिशेनं चालू लागले.

आणि माझ्या शेजारी कोंडीराम उठून उभा राहिला.

त्याच्यामागे खाट! पुढे खाट! खाट, खाट, खाट! चाळीस खुर्च्यांच्या बैठका एकामागोमाग वर आपटल्या. चाळीस माणसं अंधारात उभी. कोणी बोलत नाही. सगळ्यांची तोंडं दाराकडे. पायांनी चपला शोधल्या, टोप्या डोक्यावर गेल्या, आणि रांगेनं सगळे चालू लागले!

पोरांनी पडद्याकडे बघितलं. मग आजूबाजूला बघितलं. मग चंदूनं जी किंकाळी फोडली, ती ‘कुएँ की दुल्हन’च्या बापजन्मात कोणी फोडली नसेल.

“मास्तर! ते भायेर इले!”

“अरे, ते तुझे वडील आहेत!”

“बाबापण मेले?”

चाळीस पोरं खुर्च्यांखाली शिरली. मी वाकून एकेकाला समजावायला लागलो. कमी मार्कांचा पिक्चर आहे, घाबरू नका, वगैरे. तोवर बाहेरून आरोळी आली, “भोंगो वाजलो! मिल चालू झाली!”

मी धावत बाहेर आलो, आणि समोरचं बघतच राहिलो.

गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या. खाली राधाबाईची खाणावळ. एके काळी तिच्याकडे चाळीस सडे गिरणीवाले जेवत. आता चार म्हातारे जेवायचे. राधाबाईनं अडगळीतली मोठी परात ओढून काढली होती आणि तीत पिठाचा डबा उपडा केला होता! “पाळी सुटल्यावर जेवूक येतले मां सगळे! भाकरे नको?” दमयंती जिन्यावरून दोन दोन पायऱ्या सोडून उतरत होती. हातात कोंडीरामचा डबा. तीन वर्षं तो फळीवर उपडा पडला होता. त्यात तिनं मिळेल ते भरलं होतं, आणि पदराला पापडाचं पीठ तसंच होतं.

गेटासमोर दोन-तीनशे माणसं. आतून लहान दार उघडून वॉचमन दौलतनं डोकं बाहेर काढलं.

“चालू झाली?” सगळे ओरडले.

“मला काय विचारता? मी झोपलो होतो! कोणी चालू केली?”

“तू भोंगा ऐकला की नाय?”

“ऐकला ना!”

“मग झालं तर!”

दौलतला ते पटलं. तो मोठ्या गेटाची किल्ली शोधायला धावला. कुलूप गंजलं होतं. कोणीतरी त्यात खोबरेल ओतलं. तेवढ्यात जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, सीताराम नारळ घेऊन पुढे झाला. शर्ट उलटा, पण टोपी सरळ. आमच्या मालवणी माणसांचं असं असतं. काम अडलेलं असू दे नाहीतर सुरू होणारं असू दे, आधी गाऱ्हाणं! एकानं देवापुढे मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

सीतारामनं हात जोडले. “बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज तीन वर्सांनी ह्या मिलचो भोंगो वाजलो, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मी गर्दीत घुसलो. कोपरं मारत कट्ट्यावर चढलो आणि वर्गात ओरडायचो तसा ओरडलो, “अरे, थांबा! हा भोंगा गिरणीचा नाही!”

“व्हय म्हाराजा!”

“पिक्चरमधला आहे!”

“व्हय म्हाराजा!”

“खोटा आहे रे तो!”

“व्हय म्हाराजा!”

सीतारामनं माझ्याकडे कौतुकानं बघितलं. मास्तर गाऱ्हाण्यात इतका रस घेतात हे त्याला माहीत नव्हतं.

आणि तेव्हा मला कोंडीराम दिसला. गेटाच्या अगदी जवळ. तीन वर्षांत मी त्याला असा हसताना बघितलं नव्हतं. त्याच्याशेजारी लवू उभा होता. लवू बदली कामगार. कायमचा माणूस गैरहजर असेल तेव्हाच त्याला काम मिळायचं. गिरणी सुरू झाली तरी बदलीवाल्यांना कोण लगेच आत घेणार? तो एकटाच हिरमुसला होता. कोंडीरामनं त्याच्या पाठीवर थाप मारली, खिशातून चिठ्ठी काढली आणि त्याच्या हातात कोंबली.

“घे मेल्या! पाचाक माझगावाक पोच. माका आता ती कित्याक होयी?”

“कोंडीराम! नको!” मी कट्ट्यावरून ओरडलो.

“व्हय म्हाराजा!” गर्दी म्हणाली.

लवू धावत बसस्टॉपच्या दिशेनं गेला. मी कट्ट्यावरून उतरून गर्दीतून बाहेर पडेपर्यंत त्याची बस हलली होती.

तेवढ्यात कुलूप निघालं. दौलतनं साखळी ओढली. सीतारामनं नारळ वर उचलला. आणि भोंगा पुन्हा वाजला.

चंद्रिकात पिक्चर चालूच होता. हेन्री वरच्या खोलीत कानात कापूस घालून बसला होता, त्याला खाली खुर्च्या रिकाम्या झाल्याचा पत्ताच नव्हता. पिक्चरमधली पाळी सुटली होती.

गिरणी समोर होती आणि भोंगा पाठीमागून आला.

दोन-तीनशे माणसांनी मान वळवली. टॉकीजच्या उघड्या दारातून पडदा दिसत होता. डबे घेतलेली माणसं कारखान्यातून बाहेर पडून कब्रस्तानाकडे परत चालली होती. दारात चाळीस पोरं एकमेकांना धरून उभी होती. आवाज बंद झाला, आणि गल्लीत इतकी शांतता झाली की राधाबाई पीठ मळत होती ते ऐकू येत होतं.

कोणी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. कोणी दिली नाही. सीतारामनं नारळ खाली घेतला आणि कुठे ठेवावा ते न सुचून दौलतच्या हातात दिला. दौलतनं गेट पुन्हा लावलं. खोबरेलामुळे ते या वेळी आवाज न करता लागलं.

दमयंती डबा घेऊन कोंडीरामजवळ आली. “चिठी?”

“लवूक दिलंय.”

तिनं डबा पदराखाली घेतला. माझ्याकडे वळली. “मास्तर, पोरांका भुता नको म्हणान ह्यो पिक्चर निवडलास मां?”

“हो,” मी म्हटलं.

“बरा केलास.”

छत्तीस वर्षांत इन्स्पेक्टरांनी माझ्या वर्गाची पुष्कळ तपासणी केली. असा शेरा मला कोणी दिला नव्हता.

रविवारी लवू गूळ घेऊन आला. रॉकनं त्याला ठेवून घेतलं होतं. चिठ्ठीत नाव नव्हतं, आणि कष्टाळू तर तो होताच! त्यानं मान खाली घालून कोंडीरामला सांगितलं, “दादा, नोकरी तुमची आसा. सोमवारी तुमी जावा. मी रॉकसायबाक सांगतंय.”

“दिलेली वस्तू परत घेवची आमच्यात रीत नाय,” कोंडीराम म्हणाला. “गूळ खाल्लंय मी. जा कामावर.”

मी तिथंच बसलो होतो. लवूच्या घरी तीन लहान पोरं. त्याला ‘सोड’ म्हणायला माझी जीभ उचलेना, आणि कोंडीरामला ‘घे’ म्हणायलाही उचलेना. दोघांनाही मीच शिकवलं होतं. दुसऱ्याला द्यावं, दिलेलं मागू नये, हे पाठ मीच घोटून घेतले होते. शिकवलेलं मुलं विसरत नाहीत, हा अनुभव शिक्षकाला फार उशिरा येतो, आणि तोही नको तेव्हा येतो!

कोंडीराम पुन्हा कट्ट्यावर बसू लागला. सात महिने. मग भायखळ्याच्या भाजीबाजारात कांद्याची पोती उचलण्याचं काम मिळालं. चार सांचे एकटा चालवणारा माणूस! मला भेटला की अजूनही “बरे आसास मां, मास्तर?” म्हणतो. मनात काही ठेवत नाही. सगळं मलाच ठेवावं लागतं.

राधाबाईच्या मळलेल्या पिठाचं काय झालं? त्या रात्री अख्खी चाळ तिच्याकडे जेवली. वाद नाही, भांडण नाही, नुसतं भाकऱ्या मोडल्याचे आवाज. तिनं मला ताटात तीन भाकऱ्या वाढल्या आणि उठेपर्यंत समोरून हलली नाही.

सोमवारी मी फळा पुसायला गॅलरीत गेलो. कोणीतरी तक्त्यात भर घातली होती. पाच विषयांखाली सहावा विषय: ‘भीती’. सहा नंबरच्या पुढे तिथं लिहिलं होतं, दहापैकी दहा. खाली बारीक अक्षरात: ‘बाबा रडले.’ अक्षर शेवंताचं. शुद्धलेखन अगदी बिनचूक. मी ते पुसलं नाही.

आता एक गोष्ट कबूल करायची राहिली. चाळीस माणसं उठली असं मी वर लिहिलं. ते चूक आहे. एकेचाळीस उठली. भोंगा वाजला तेव्हा शाळा सुटल्यासारखा मीही उठलो होतो आणि बगलेत नसलेली छत्री चाचपत होतो.

यानंतर मी पोरांना पिक्चर निवडून देणं सोडलं. पण महोत्सव काही सुटला नाही! मंगळवारी हेन्री सांगत आला, “मास्तर, सहा नंबर मॅनेजरनं ठेवून घेतला. तीनचा खेळ भरला काल! पन पिक्चर कोन बघत नाय. साडेतीनला भोंगा वाजतो, सगळे डोळे मिटून ऐकतात, आनि उठून घरी जातात. मॅनेजर बोलतो, हे कसले प्रेक्षक!”

पुढच्या वर्षी चंद्रिकावर पुन्हा बोर्ड लागला. पुन्हा सात दिवस, सात चित्रपट. पण गेल्या वेळच्या गर्दीचा पोलिसांनी मॅनेजरला जाब विचारला होता, म्हणून त्यानं या वेळी प्रत्येक पोस्टरवर एक पांढरी पट्टी चिकटवली होती: ‘या खेळात भोंगा नाही.’

मी आणि कोंडीराम बाजारातून परत येताना ती पोस्टरं बघत उभे राहिलो. पहिलं पोस्टर. भूत, रक्त, पट्टी. दुसरं पोस्टर. मुंडकं, विहीर, पट्टी. कोंडीरामनं सातही पट्ट्या सावकाश वाचल्या. मीच शिकवलं होतं त्याला वाचायला. मग त्यानं खांद्यावरची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“मगे कित्याक बघूचो, मास्तर?” तो म्हणाला.